पाय पोटाकडे निघाला आणि लागला कानाशी: हुलीची लाथ समजून घेऊया

शालेय स्पर्धांचा मोसम होता. नाशिकच्या पंचवटीत हिरावाडीच्या क्रीडा संकुलात तायक्वांदोच्या लढती चालल्या होत्या आणि माझ्या शेजारी सातपूरहून आलेल्या एक आई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा निळ्या चेस्ट गार्डमध्ये. समोरच्या लाल गार्डवाल्या मुलाने उजवा गुडघा वर घेतला, सरळ, पोटाच्या रोखाने. निळ्याचे दोन्ही हात झटकन खाली आले. पुढच्याच क्षणी लाल मुलाचं पाऊल निळ्याच्या हेड गार्डवर कानाजवळ थपकन लागलं आणि बोर्डावर तीन गुण चढले.

त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, लाथ तर पोटावरच येत होती ना? मी स्वतः बघितलं. मग डोक्यावर कशी लागली? आणि आमच्या ह्याने हात खाली कशाला घेतले?"

दोन लढतींच्या मधल्या गोंगाटात मला धड उत्तर देता आलं नाही. मी गेली कित्येक वर्षं सिडकोत मुलांना तायक्वांदो शिकवते आणि हा प्रश्न दर मोसमात कुणी ना कुणी विचारतंच. हल्ली फोनवर अशा लाथांच्या क्लिप फिरतात. त्यामुळे ज्यांच्या घरात कुणी खेळत नाही तेही विचारतात. म्हणून हे सविस्तर उत्तर. त्या आईंचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा होता, हे वाचताना लक्षात असू द्या.

हूल म्हणजे नेमकं काय

मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, कारण आपण कबड्डी बघत मोठे झालो. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकल्यासारखं करतो. कोपरारक्षकाला तो घोटा समोर दिसतो, तो पकडीसाठी पुढे झुकतो. त्याच क्षणी चढाईपटू अंग वळवून मागच्या मागे लाथ झाडतो आणि झुकलेल्या गड्याच्या खांद्याला स्पर्श करून मध्यरेषेकडे सुटतो. बोनसचा पाय ही हूल होती. ती पाहून कोपरारक्षक झुकला, आणि चढाईपटूला हवं होतं ते एवढंच.

तेव्हा हूल म्हणजे समोरच्याकडून एखादी हालचाल काढून घेण्यासाठी केलेली, अर्ध्यावर सोडलेली किंवा अर्ध्यावर बदललेली हालचाल. आमच्या वर्गातली मुलं "फेक मार" असं म्हणतात. मला हूल हा शब्द जवळचा वाटतो, कारण मैदानावर तो आधीपासून आहे. खो-खोत पळणारा गडी खांदा एका बाजूला टाकतो आणि निघतो दुसऱ्या बाजूने. कुस्तीत पटाला हात घालतोय असं दाखवलं की समोरचा कमरेत वाकतो आणि त्याची मान हाताशी येते. तायक्वांदो, कराटे, किकबॉक्सिंगमध्ये हेच काम पायाने होतं.

या सगळ्यांत समान गोष्ट अशी की हूल देणाऱ्याला हवी असते समोरच्याची प्रतिक्रिया. त्याने हात खाली घ्यावा, वजन एका पायावर टाकावं, डोकं बाजूला झुकवावं. निळ्या गार्डमधल्या मुलाचे हात भीतीने किंवा चुकून खाली आले नव्हते. ते वर्षभर शिकवल्याप्रमाणे, अगदी बरोबर खाली आले होते, कारण पोटावर येणारी लाथ अशीच अडवायची असते. लाल मुलाला हे ठाऊक होतं.

डोळ्यांनी पाहूनही उशीर का होतो

घरी एक प्रयोग करून बघा. तीस सेंटिमीटरची शाळेची पट्टी घ्या. एकाने ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायची. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याजवळ, अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची, पट्टीला न चिकटवता. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. बहुतेकांची चिमूट पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी बसते. वीस सेंटिमीटर पडायला पट्टीला एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात डोळ्याने पाहिलं, मेंदूने ओळखलं, हुकूम सोडला आणि बोटं मिटली.

आता तोच प्रयोग दोन पट्ट्यांनी करा. दोन्ही हात तयार ठेवायचे, पण कुठली पट्टी सुटेल ते सांगायचं नाही, आणि जी सुटेल फक्त तीच पकडायची. चिमूट लगेच वर सरकते आणि बऱ्याचदा पट्टी निसटूनच जाते. पर्याय वाढले की ठरवायला वेळ लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ साली हे मोजून मांडलं.

रिंगणात पर्याय दोनच नसतात. लाथ पोटावर, डोक्यावर, सरळ, गोल, उलटी, उजव्या पायाची, डाव्या पायाची. चांगल्या खेळाडूची लाथ निघाल्यापासून लागेपर्यंत अर्धा सेकंदही जात नाही. म्हणजे समोरच्याने पाऊल सुटलेलं पाहून मग ठरवायचं म्हटलं तर तो उशिराच पोहोचणार. म्हणून प्रत्येक सरावलेला खेळाडू अंदाज बांधतो. लाथ सुटण्याआधीच्या खुणा वाचतो: वजन कुठल्या पायावर गेलं, कंबर किती वळली, गुडघा कुठल्या रोखाने वर आला. उजव्या पायाने लाथ मारायची तर आधी डाव्या पायावर वजन घ्यावंच लागतं, ते कुणालाच टाळता येत नाही. अनुभवी डोळा हे पकडतो आणि अर्धी लढाई तिथेच जिंकतो.

हूल याच अंदाजाचा फायदा घेते. ती खुणा खऱ्या देते आणि शेवट बदलते.

सोडलेलं पाणी परत बोलावता येत नाही

"बरं, फसला. पण लाथ वळलेली दिसल्यावर हात पुन्हा वर घेता येत नाही का?" हा पुढचा प्रश्न, आणि या विषयाचा गाभा इथेच आहे.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते रामकुंडाकडे येतंच. वाटेत कुणी कितीही फोन केले तरी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला ते लागायचं तेवढं लागणारच. दरवाजे बंद केले तरी आधी निघालेलं पाणी नदीत असतं. मेंदूने स्नायूंना सोडलेला हुकूम तसाच असतो. "हात खाली" असा हुकूम सुटला की ती हालचाल बरीचशी पूर्ण होते. मग तो हात थांबवायचा, दिशा उलटवायची आणि वर आणायचा, इतकी कामं शिल्लक राहतात.

याहून मोठी अडचण आणखी एक आहे. एकामागून एक दोन इशारे अगदी जवळजवळ आले, तर दुसऱ्या इशाऱ्याला मेंदू नेहमीपेक्षा उशिरा उत्तर देतो, कारण पहिल्याचं उत्तर ठरवण्यात तो गुंतलेला असतो. टेलफर्ड नावाच्या संशोधकाने १९३१ सालीच हे प्रयोगाने दाखवलं आणि नंतर असंख्य वेळा ते तपासलं गेलं. मानसशास्त्रात याला सायकॉलॉजिकल रिफ्रॅक्टरी पीरियड असं लांबलचक नाव आहे. आपण त्याला अडकलेला क्षण म्हणू. किराणा दुकानात काउंटरवर एकच माणूस असावा आणि त्याने पहिल्या गिऱ्हाइकाची साखर तराजूवर टाकलेली असावी, तेव्हा दुसऱ्याने कितीही घाई केली तरी त्याला थांबावं लागतं, तसं हे आहे.

हुलीची लाथ या अडकलेल्या क्षणात शिरते. पहिला इशारा: गुडघा, पोटाचा रोख. मेंदू कामाला लागला. दुसरा इशारा: कंबर वळली, पाय वर चालला. तो इशारा दारात उभा. त्याची पाळी येईपर्यंत पाऊल कानाशी पोहोचलेलं असतं.

यातूनच कळतं की हूल आणि खरी लाथ यांच्यातलं वेळेचं अंतर फार नेमकं लागतं. अंतर फार कमी असेल तर समोरच्याने अजून हुलीकडे नीट पाहिलेलंच नसतं, तो हलतच नाही. फार जास्त असेल तर तो सावरतो. माझ्या वर्गातली नवी मुलं बहुतेक दुसरी चूक करतात. हूल दाखवतात, मग जणू ती दिसली ना याची खात्री करायला थांबतात, आणि मग लाथ मारतात. तेवढ्यात समोरचा परत गार्ड घेऊन उभा असतो.

एकच गुडघा, तीन लाथा

आता त्या लाल गार्डवाल्या मुलाच्या लाथेकडे जवळून बघू. तिला जगभर 'क्वेश्चन मार्क किक' म्हणतात, कारण पावलाचा प्रवास कागदावर काढला तर प्रश्नचिन्हासारखा दिसतो: आधी सरळ वर, मग बाजूने गोल, मग खाली. 'ब्राझिलियन किक' असंही तिला म्हणतात, कारण क्योकुशिन कराटेतल्या ब्राझीलच्या खेळाडूंनी ती गाजवली. किकबॉक्सिंगच्या के-वन स्पर्धांमध्ये खेळलेला ग्लाउबे फेइटोझा या लाथेसाठी खास ओळखला जातो.

तिचं रहस्य गुडघ्यात आहे. समोरची सरळ लाथ, बाजूने येणारी गोल लाथ आणि टाचेने ढकलणारी साइड किक, या तिन्हींची सुरुवात गुडघा घडी घालून छातीकडे उचलण्यापासून होते. या स्थितीला वर्गात चेंबर म्हणतात. मी गुडघ्याची घडी म्हणेन. शिकणाऱ्याच्या तिन्ही घड्या वेगवेगळ्या दिसतात. सरळ लाथेची घडी सरळ, गोल लाथेची आधीच बाजूला झुकलेली. म्हणून त्याची लाथ आधीच वाचता येते. कसलेल्या खेळाडूची घडी तिन्ही वेळा जवळपास सारखी असते. गुडघा वर आला एवढंच कळतं. त्यातून काय निघणार ते कळत नाही.

प्रश्नचिन्हाच्या लाथेत घडी सरळ लाथेची, रोख बेंबीचा. पोटरीही किंचित उलगडायला लागते, म्हणजे समोरच्याची खात्री पटावी. मग जमिनीवरचा पाय चवड्यावर फिरतो, इतका की टाच प्रतिस्पर्ध्याकडे येते. त्या फिरण्याबरोबर कंबर उलटी पडते, उचललेला गुडघा समोरच्याच्या खांद्याच्याही वर जातो आणि बाहेरून आत वळतो. आता पोटरी सुटते, तिरकी, वरून खाली. हात पोटाशी, डोकं उघडं, आणि पाय येतोय खांद्यावरून. हात वर घेतलाच तरी तो बाजूच्या लाथेसाठी असतो. ही लाथ त्याच्या वरून उतरते.

हे वाचायला सोपं आहे आणि करायला फार अवघड. कंबरेचा सांधा आतल्या बाजूला भरपूर फिरावा लागतो. जमिनीवरचा पाय मोकळा फिरला नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. वर्गाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ही लाथ दहा वर्षांच्या एका मुलाला शिकवली. तो चपळ होता, मला उत्साह होता. त्याचा पाय मॅटवर चिकटून राहिला, कंबर फिरली आणि गुडघा मुरगळला. तीन आठवडे तो वर्गात येऊन भिंतीशी बसून राहायचा. ती चूक माझी होती. तेव्हापासून जमिनीवरचा पाय फिरवण्याचा सराव भिंतीला हात लावून महिनोन्‌महिने झाल्याशिवाय मी या लाथेचं नावही काढत नाही.

हात दाखवायचा, पाय पाठवायचा

हूल पायाचीच असली पाहिजे असं नाही. अलीकडच्या काळातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण हाताच्या हुलीचं आहे. २० ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मिश्र मार्शल आर्ट्सची, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाची, यूएफसी २७८ ही स्पर्धा झाली. तेव्हाचा जगज्जेता कमारू उस्मान पाचव्या आणि शेवटच्या फेरीत गुणांवर पुढे होता. एक मिनिटही उरलं नव्हतं. आव्हानवीर लिऑन एडवर्ड्सने उजव्या-डाव्या ठोशांची जोडी येतेय असं दाखवलं. उस्मानचा हात डाव्या ठोशासाठी सरकला, डोकं बाजूला झुकलं, आणि ज्या बाजूला झुकलं त्याच बाजूने एडवर्ड्सची डावी लाथ येत होती. लढत तिथेच संपली, विजेतेपद हातातून गेलं.

उस्मानने केलेला बचाव ठोशासाठी योग्य होता. सातपूरच्या त्या मुलाची आणि जगज्जेत्याची चूक अगदी एकाच जातीची, आणि मला हे त्या मुलाला आवर्जून सांगायचं होतं.

बाकीचे प्रकार थोडक्यात. खालून दाखवून वर मारणं: मांडीवर लाथ येतेय असं दोन-तीनदा पटवायचं, चौथ्यांदा तीच सुरुवात आणि पाय डोक्याकडे. चुकवून परत येणं: लाथ चेहऱ्यासमोरून निघून गेल्यासारखी वाटते आणि टाच उलटी फिरून गालावर येते. तिला हुक किक म्हणतात. नजरेची हूल: पोटाकडे बघायचं, मारायचं डोक्यावर. तालाची हूल सगळ्यांत कमी दिसते आणि मला सगळ्यांत आवडते. त्यात खोटी लाथ नसतेच. खेळाडू एका ठेक्यात उड्या मारत असतो, समोरच्याचे पाय नकळत त्या ठेक्यात येतात, आणि मग हा अर्धी मात्रा आधी सुटतो. ढोल-ताशाच्या पथकात वाजवलेल्या मुलांना ही हूल चटकन समजते, असा माझा अनुभव आहे.

"ही फसवणूकच झाली ना?"

एका वडिलांनी हे मला फार गंभीरपणे विचारलं होतं. घरी आम्ही पोराला खोटं बोलू नको म्हणतो आणि तुम्ही वर्गात फसवायला शिकवता, असं. प्रश्न टोलवण्यासारखा नाही.

माझं उत्तर असं. रिंगणात उतरताना दोघांनाही माहीत असतं की हूल येणार. ती ओळखायला दोघांनाही शिकवलेलं असतं. बुद्धिबळात प्यादं सोडून वजीर अडकवणाऱ्याला आपण खोटारडा म्हणत नाही. खोटेपणा सुरू होतो तो ज्याला या खेळाचा भाग म्हणून मान्यता नाही तिथे, आणि नियमांनी ही रेघ स्वच्छ ओढलेली आहे. तायक्वांदोत प्रतिस्पर्ध्याला हूल देणं मान्य आहे, पण लागल्याचं सोंग करून पंचांना फसवलं तर दंड होतो, म्हणजे समोरच्याला गुण जातो. कराटेतही लागल्याचा आव आणणं किंवा लागलेलं फुगवून दाखवणं हा गुन्हा धरला जातो. हुलीलाही मर्यादा आहे. समोरच्याला पुढे येऊ न देण्यासाठी पाय हवेत उचलून तीन सेकंदांहून जास्त धरून ठेवला तर तायक्वांदोत दंड बसतो.

मग गुणांचा प्रश्न. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोचे गुण असे होते: ठोशाला एक, धडावर लाथेला दोन, डोक्यावर लाथेला तीन, गिरकी घेऊन धडावर मारली तर चार आणि गिरकी घेऊन डोक्यावर मारली तर पाच. डोकं महाग आहे, म्हणून प्रत्येकजण ते जपतो. जपलेल्या जागी पोहोचायचं तर आधी राखणदाराला दुसरीकडे बोलवावं लागतं. या खेळात हूल इतकी का फोफावली, त्याचं बरंचसं उत्तर या आकड्यांत आहे.

"समोरच्याने हुलीकडे लक्षच दिलं नाही तर?"

तर हूल वाया जाते, आणि हे रोज होतं. माझ्याकडे पहिल्या महिन्यातलं पोर आलं की वरच्या बेल्टची मुलं त्याच्यावर हूल वापरून बघतात आणि गोंधळतात, कारण ते पोर हलतच नाही. गुडघा वर येणं म्हणजे पोटावर लाथ, हे त्याला अजून कळत नसतं. खूण ओळखू येत नाही, म्हणून तो फसतही नाही. अर्थात खरी लाथ आली तरी तो तसाच उभा राहतो.

दुसऱ्या टोकाला अतिशय अनुभवी खेळाडू असतात. रग्बीत धावताना बाजूला हूल देणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत मध्येच कापून नवख्यांना आणि कसलेल्यांना दाखवली, असा एक अभ्यास २००६ साली रॉबिन जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. कसलेले खेळाडू हुलीला नवख्यांपेक्षा कमी फसले. म्हणजे ओळखता येतं, शिकता येतं. हूल सगळ्यांत जास्त चालते ती मधल्या माणसावर, ज्याला खुणा कळायला लागल्या आहेत पण खऱ्या-खोट्याचा फरक अजून कळत नाही. सातपूरचा तो मुलगा नेमका तिथे होता. त्याच्या आईंना मी हेच सांगायला हवं होतं, की तो फसला म्हणजे त्याला काहीतरी येऊ लागलं आहे.

आणि अनुभवी माणसालाही दुर्लक्ष करणं परवडत नाही. प्रत्येक वर येणारा गुडघा खोटा समजला तर एक दिवस तो खरा निघतो आणि पोटात बसतो. म्हणून हूल देणाऱ्याला आधी खरी लाथ मारून दाखवावी लागते. पहिल्या फेरीत पोटावर दोन-तीन सणसणीत लाथा बसल्या की दुसऱ्या फेरीत नुसता गुडघा वर आला तरी हात खाली येतात. ज्याची सरळ लाथ कधीच लागत नाही, त्याच्या सरळ लाथेच्या हुलीला कुणी भीक घालत नाही. "ताई, हूल शिकवा ना" म्हणत येणाऱ्या मुलांना मी आधी विचारते, तुझ्या फ्रंट किकला कोण घाबरतं ते सांग.

मग वाचायचं कसं

पावलाकडे बघायचं नाही. पाऊल सगळ्यांत वेगात फिरतं आणि सगळ्यांत उशिरा खरं सांगतं. नजर छातीच्या वरच्या भागावर, गळ्याखाली ठेवायची आणि बाकीचं कडेच्या नजरेने घ्यायचं. कंबर आणि खांदे पावलाइतक्या सहज खोटं बोलू शकत नाहीत, कारण ते हलले की सगळ्या अंगाचं वजन हलतं.

हात कमी हलवायचे. पोटाला कोपर आणि डोक्याला मूठ अशी राखण धरली तर पोटावरची लाथ अडवायला कोपर चार बोटं खाली आणलं तरी पुरतं. हात पूर्ण सोडून खाली मारणं ही नवख्यांची सवय असते आणि हूल देणारा तिच्यावरच जगतो.

तिसरा उपाय पायांचा. खोटी की खरी ते ठरवता येत नसेल तर अर्धं पाऊल मागे जायचं. अंतर वाढलं की खरीही लागत नाही आणि खोटीचाही उपयोग होत नाही. ठरवायची गरजच संपते, म्हणजे तो अडकलेला क्षणही टळतो. सीबीएस बस स्थानकासमोर रस्ता ओलांडताना रिक्षा वळणार की सरळ जाणार हे कळलं नाही तर आपण फूटपाथवरून खाली उतरत नाही, तसं. मात्र सतत मागेच जाणाऱ्याला सीमेबाहेर गेल्याचा दंड बसतो. त्यामुळे हा उपाय जपून वापरावा लागतो.

डोक्याची काळजी

हुलीच्या लाथेबद्दल एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. समोरच्याला ती येताना दिसत नाही, म्हणून तो मान आवळत नाही, दात मिटत नाही, सावरत नाही. त्यातून तो हुलीमुळे झुकलेला असेल तर त्याचं डोकं लाथेच्या दिशेने येत असतं आणि दोन्ही वेगांची बेरीज होते. मारणाऱ्याने हलकी मारली तरी लागते जोरात.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ रोजी, कराटेच्या पुरुषांच्या ७५ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याला लागली आणि गंजजादेह बेशुद्ध पडला. ऑलिंपिकच्या त्या कराटेत डोक्यावरची लाथ आवरून मारायची असा नियम होता. हमेदीला बाद ठरवलं आणि स्ट्रेचरवरून गेलेल्या गंजजादेहला सुवर्णपदक मिळालं. जगातला उत्तम खेळाडूही ऐन वेळी पाय आवरू शकला नाही, तर बारा वर्षांचं मूल कसं आवरेल?

म्हणून वर्गात हुलीचा सराव पॅडवर किंवा हेड गार्ड घालून, अर्ध्या वेगाने, पाऊल थांबवून. डोक्याला लागलं आणि मुलाला चक्कर आली, उलटी झाली, डोकं दुखलं, किंवा ते गोंधळल्यासारखं बोलायला लागलं तर त्या दिवशी खेळ बंद आणि सरळ डॉक्टरांकडे. उद्या फायनल आहे म्हणून पाणी मारून पुन्हा उभं करणाऱ्या प्रशिक्षकाकडे मूल ठेवू नका. हे मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल लिहिते आहे आणि पूर्ण विचार करून लिहिते आहे.

"रस्त्यावर उपयोग होईल का?"

मुलींच्या शिबिरांत हे हमखास विचारतात. नाही होणार. हूल चालते ती समोरच्याला खुणा वाचता आल्या तर, आणि रस्त्यावरचा माणूस पहिल्या महिन्यातल्या पोरासारखा असतो: न शिकलेला, त्यातून कदाचित प्यायलेला. शिवाय जीन्स, चपला, ओला रस्ता, आणि एका पायावर उभं राहिल्यावर कुणी ढकललं तर आपणच खाली. तिथे मोठ्याने ओरडणं, सुटून पळणं, माणसं असतील तिकडे जाणं आणि ११२ लावणं. लाथ मारावीच लागली तर खाली, नडगीवर, एकदाच, पळायला जागा मिळावी म्हणून.

मुलांना कधीपासून शिकवावं

वयाचा आकडा मी सांगत नाही. माझ्या वर्गात तीन गोष्टी बघते. सरळ आणि गोल लाथ दोन्ही पायांनी, दमल्यावरही, त्याच उंचीला जाते का. एका पायावर उभं राहून गुडघ्याची घडी दहा आकडे धरता येते का, न डगमगता. आणि जोडीदाराच्या हेड गार्डपासून चार बोटांवर पाऊल थांबवता येतं का.

आठवीतली एक मुलगी गेले सहा महिने याच तीन गोष्टींवर अडली होती. डाव्या पायावर तोल जायचा. जूनमध्ये तिची घडी दहापर्यंत टिकली, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्यासमोर दोन पॅड धरून उभी राहिले. पोटाशी एक, डोक्याशी एक. पोटावर मार म्हटलं, वीस वेळा खरी. थाप थाप आवाज येत राहिला आणि माझं वजन आपोआप त्या पॅडमागे गेलं. एकविसाव्या वेळी मी काहीच बोलले नाही. गुडघा तसाच आला, तेवढाच, त्याच रोखाने. माझा खालचा हात घट्ट झाला आणि वरच्या पॅडवर आवाज झाला.

ती स्वतःच दचकली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही पण खाली बघितलं!"

खरंच बघितलं होतं. मी पॅड पुन्हा वर धरले आणि तिला दुसऱ्या पायाने करायला सांगितलं.